ॲप विकले गेले, आता टिपणांचे काय?

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यातील एका नारदीय कीर्तनकार ताईंनी हे पत्र पाठवले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या कीर्तनाच्या वह्या भिजल्या. जी पाने वाळवून वाचवता आली, त्यांचे त्यांनी मोबाइलवर फोटो काढले आणि तेव्हापासून सारे काही एका परदेशी कंपनीच्या टिपणांच्या ॲपमध्ये ठेवायला सुरुवात केली. अभंग, दृष्टान्त, आख्यानांचे टाचण, गुरुजींनी गाऊन दाखवलेल्या चालींचे ध्वनिमुद्रण, आयोजकांचे फोन क्रमांक, अगदी मानधनाचा हिशेबही त्यातच आहे. वर्गणी त्या नियमाने भरत आल्या. गेल्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. ‘तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही’ अशा आशयाचा ईमेल आला आणि काही महिन्यांतच वर्षाची वर्गणी दुपटीच्या वर गेली. नूतनीकरणाची तारीख नेमकी चातुर्मासात, कार्यक्रमांच्या गर्दीत येते. मुलगा म्हणतो, ‘कोणी विकत घेऊ शकणार नाही अशा मोठ्या कंपनीच्या फुकट ॲपवर जा.’ ताई विचारतात : वाढीव पैसे भरून इथेच राहावे, की मुलाचे ऐकावे? आणि मी पैसे मोजून ठेवलेली माझी टिपणे कोणी परस्पर विकूच कशी शकतो?

ताई, सप्रेम नमस्कार.

पुरातून वाचवलेली पाने आता दुसऱ्याच वाटेने हातची जातील की काय, ही भीती तुमच्या पत्राच्या ओळीओळीत जाणवते आणि ती अनाठायी नाही. तरीही ‘राहू की सोडू’ याचा निकाल लावण्याआधी, तुम्ही आणि तुमच्या मुलाने जे गृहीत धरले आहे ते एकदा तपासून पाहू या. जुने मालक भले होते आणि नवे लोभी आहेत, मोठ्या कंपनीकडे ठेवलेले कायम टिकते, आणि नूतनीकरणाच्या तारखेपर्यंत काय तो एकदाच निर्णय घ्यायचा आहे, या तिन्ही समजुतींत थोडे तथ्य असले तरी त्यांच्या भरवशावर पाऊल उचलावे इतके ते नाही.

तुमच्या ॲपचे नाव तुम्ही कळवलेले नाही, म्हणून याच प्रकारातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. एव्हरनोट हे टिपणांचे ॲप २००८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याचे तेव्हाचे प्रमुख फिल लिबिन ही कंपनी शंभर वर्षे टिकावी असे उघडपणे म्हणत असत. नोव्हेंबर २०२२ मध्ये इटलीतील मिलान शहरातल्या बेंडिंग स्पून्स या कंपनीने एव्हरनोट घेत असल्याचे जाहीर झाले. जुलै २०२३ मध्ये अमेरिका आणि चिली येथील बहुतेक सर्व कर्मचाऱ्यांना कमी करून काम युरोपात नेण्यात आले, अमेरिकेतील वैयक्तिक योजनेची वार्षिक वर्गणी सुमारे ७० डॉलरवरून सुमारे १३० डॉलरवर गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात फुकट खात्यावर एक वही आणि ५० टिपणे एवढीच मर्यादा आली. इथपर्यंतची हकीकत तुमच्या अनुभवाशी बरीचशी जुळते.

पण त्याआधीची हकीकतही पाहिली पाहिजे. २०१६ मध्ये, म्हणजे जुन्याच मालकांच्या काळात, एव्हरनोटने फुकट खाते दोन उपकरणांपुरते मर्यादित केले होते आणि सशुल्क योजनांचे दर वाढवले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही कर्मचाऱ्यांना ग्राहकांची टिपणे वाचता येतील असा गोपनीयता धोरणातील बदल जाहीर झाला आणि ग्राहक खवळल्यावर तो मागे घ्यावा लागला. उलट नव्या मालकांच्या काळात एकाच टिपणावर अनेकांना एकाच वेळी लिहिण्याची सोय आली, आणि ज्यांची टिपणे नव्या मर्यादेपेक्षा जास्त होती त्यांना ती पाहण्याची, दुरुस्त करण्याची आणि बाहेर काढून घेण्याची मुभा कायम राहिली. फुकट वापरणारे फार आणि पैसे भरणारे थोडे, हा या धंद्यातला जुनाच ताण आहे. विक्री होते तेव्हा तो ताण एका फटक्यात ग्राहकाच्या बिलावर येतो, म्हणून दोष सगळा नव्या मालकाचा दिसतो.

फ्लिकरचेही तसेच झाले. फोटो साठवण्याची ही सेवा याहूने २००५ मध्ये घेतली आणि २०१३ मध्ये प्रत्येकाला तब्बल एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली. २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीने ती याहूच्या नव्या मालकांकडून घेतली आणि फुकट खाते १००० फोटोंवर आणून ठेवले. लोक संतापले, पुष्कळ जण सोडूनही गेले, परंतु फ्लिकर आजही चालू आहे. ग्राहकाकडून रास्त पैसे घेऊन सेवा जिवंत ठेवणारा मालक मला फुकटात भरमसाट देणाऱ्या मालकापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. तेव्हा वर्गणी वाढली एवढ्याच कारणासाठी ॲप सोडू नका.

ज्याने कंपनी विकत घेतली त्याला नेमके काय हवे होते, हे मात्र जरूर शोधा, कारण पुढचे बरेचसे त्यावरून उलगडते. कधी घेणाऱ्याला फक्त तिथली माणसे हवी असतात. गूगलने २०१२ मध्ये स्पॅरो या ईमेल ॲपची कंपनी घेतली ती मंडळी आपल्या कामाला लावण्यासाठी, आणि स्पॅरोमध्ये नवे काही येणे तिथेच थांबले. कधी त्याला तंत्र हवे असते. ॲपलने मार्च २०२० मध्ये डार्क स्काय हे हवामानाचे ॲप घेतले, ऑगस्टमध्ये अँड्रॉइडवरचे बंद केले, त्यातली वैशिष्ट्ये स्वतःच्या हवामान ॲपमध्ये घेतली आणि २०२२ सरताना आयफोनवरचे मूळ ॲपही मिटवले. कधी त्याला वर्षानुवर्षे पैसे भरणारे, सहजासहजी न हलणारे ग्राहक हवे असतात. तुमच्या बाबतीत हा तिसरा प्रकार दिसतो आणि तिघांत तो तुलनेने बरा, कारण अशा मालकाला ॲप चालू ठेवण्यातच फायदा असतो. तो किंमत वाढवील, माणसे कमी करील, मदतीच्या उत्तरांना उशीर होईल, पण एका रात्रीत दार लावून घेण्याची शक्यता कमी. माणसे किंवा तंत्र हवे असलेल्याने ॲप घेतले असते, तर याच पत्राला मी ‘पुढच्या आठवड्यात बाहेर पडा’ असे उत्तर दिले असते.

‘काहीही बदलणार नाही’ या ईमेलने तुम्ही दुखावला आहात. असे आश्वासन देणाऱ्याचा हेतू त्या क्षणी खराही असू शकतो, पण ते पाळणे पुढे त्याच्या हातात राहत नाही. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेण्याचे ठरवले, तेव्हा संस्थापकांनी वापरकर्त्यांसाठी काही बदलणार नाही असे सांगितले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये वापरकर्त्यांची काही माहिती फेसबुकला देण्याचे धोरण आले. दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणे शक्य नाही असे विलीनीकरणाच्या तपासणीत सांगून दिशाभूल केल्याबद्दल युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. एवढे बळ असलेल्या यंत्रणांनाही दाद मिळवायला वर्षे लागली, हे पाहता आपण त्या ईमेलवर विसंबू नये आणि त्यावर फार काळ जळूही नये.

आता मुलाचा सल्ला. मोठी कंपनी सहसा विकली जात नाही हे खरे, पण ती स्वतः विकत घेते आणि घेतलेले बंदही करते. वंडरलिस्ट हे बर्लिनमध्ये तयार झालेले कामांच्या याद्यांचे ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतले. ते मिटू नये म्हणून त्याच्या संस्थापकाने २०१९ मध्ये परत विकत घेण्याची जाहीर तयारी दाखवली, तरीही ६ मे २०२० रोजी ते बंद झाले. स्काइप मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतले होते, पुण्या-मुंबईच्या कितीतरी आजी-आजोबांनी परदेशातली नातवंडे पहिल्यांदा त्याच्याच पडद्यावर पाहिली, आणि मे २०२५ मध्ये ते इतिहासजमा झाले. प्रचंड कंपनीच्या वहीखात्यात लहानसे ॲप ही किरकोळ बाब असते, त्यामुळे ते बंद करताना तिला फारसा विचार करावा लागत नाही.

याच संदर्भात पिकासाची गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटते. फोटो लावून ठेवण्याचे हे सॉफ्टवेअर गूगलने २००४ मध्ये घेतले आणि २०१६ मध्ये बंद केले. ज्यांच्या संगणकावर ते आधीच बसवलेले होते त्यांचे पुढेही चालत राहिले आणि ज्यांनी काढून टाकले त्यांचेही फोटो गेले नाहीत, कारण ते मुळात त्यांच्याच संगणकावर, साध्या फोल्डरमध्ये, कोणत्याही प्रोग्रामला उघडता येतील अशा स्वरूपात होते. मंडप आयोजकाचा असतो, पण आख्यान तुमचे असते. मंडप बदलला तरी कीर्तन अडत नाही. ॲपकडेही असेच पाहा. ते कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न दुय्यम आहे. तुमचे लेखन त्या ॲपवाचून उघडते का, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे.

तुमचा ‘विकूच कशी शकतो’ हा प्रश्न त्यामुळे टळत नाही. वर्गणी भरून आपण सॉफ्टवेअर वापरण्याचा परवाना घेतो, सॉफ्टवेअर घेत नाही. मजकूर तुमचाच राहतो असे बहुतेक सेवांच्या अटींत लिहिलेले असते आणि कंपनी विकली गेल्यास ग्राहकांची माहिती नव्या मालकाकडे जाईल असे कलमही त्याच अटींत असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. पण कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर आपली काळजी आपणच घ्यायची आहे.

म्हणून सांगते, चातुर्मासात ॲप बदलू नका. ऐन गणपती-नवरात्राच्या दिवसांत टाचण सापडेनासे झाले तर त्याचा मनस्ताप वाढीव वर्गणीपेक्षा महाग पडेल. वार्षिक वर्गणीऐवजी महिन्याची वर्गणी भरण्याची सोय असेल तर ती घ्या. महिन्याच्या हिशेबाने थोडी जास्त पडते, पण कार्तिकी एकादशीपर्यंतचा अवधी मिळतो. कार्ड किंवा यूपीआयवरून वर्गणी आपोआप कापली जात असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे वळते होण्याच्या किमान २४ तास आधी रकमेसह सूचना यायला हवी. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका. मोबाइलमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हेही ध्यानात असू द्या. ती प्ले स्टोअरमधील सबस्क्रिप्शनच्या यादीतून किंवा ॲपच्या संकेतस्थळावरून वेगळी रद्द करावी लागते.

सर्व टिपणांची प्रत मात्र याच आठवड्यात, खाते सशुल्क असतानाच काढा. हे काम शक्यतो मोबाइलऐवजी संगणकावरच्या ॲपमधून करा, कारण ‘एक्स्पोर्ट’ची, म्हणजे टिपणे ॲपबाहेर फायलींच्या रूपात काढून घेण्याची, पूर्ण सोय पुष्कळदा तिथेच असते. त्याआधी एक छोटी पण महत्त्वाची तयारी करावी लागेल. तुम्ही टिपणांना ‘एकादशी’, ‘काला’, ‘रामजन्म’ अशा खुणा, म्हणजे टॅग, लावले आहेत असे लिहिता. दुसरीकडे नेताना अशा खुणा गळून पडण्याचा धोका असतो, म्हणून निदान नेहमीच्या वापरातल्या टिपणांच्या पहिल्या ओळीतच तो शब्द साधा लिहून ठेवा. पुढे कोणत्याही ॲपमध्ये शोधले तरी ते सापडेल.

प्रत कोणत्या स्वरूपात घ्यायची, याकडे मराठीत लिहिणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यायला हवे. बहुतेक जण पीडीएफ काढतात आणि निश्चिंत होतात. वाचायला, छापायला पीडीएफ उत्तम. पण तिच्यातला देवनागरी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे फुटतात, हे ज्याने करून पाहिले आहे त्याला माहीत आहे. एचटीएमएल (वेबपानांचे स्वरूप), मार्कडाउन (साध्या खुणा घातलेला मजकूर) किंवा साधा मजकूर यांपैकी जे मिळेल ते घ्या आणि शिवाय पीडीएफ घ्या. आपल्याकडच्या छापखान्यांनी हा धडा मोठी किंमत देऊन शिकला आहे. पेजमेकर हे पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर ऑल्डस कंपनीचे होते. १९९४ मध्ये ॲडोबीने ऑल्डस घेतली, २००१ मध्ये पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती आली, आणि ॲडोबीच्याच इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्या त्या फायली थेट उघडत नाहीत. त्या काळातला मराठी मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय व्यवस्था रूढ होण्याआधीच्या, फाँटमध्ये असल्यामुळे, फाइल कशीबशी उघडली तरी तो फाँट नसेल तर अभंगाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक ओळ दिसते. फाइल जपली, पण वाचण्याची वाट जपली नाही, असे कितीतरी दिवाळी अंकांचे आणि पुस्तकांचे झाले आहे.

म्हणून प्रत काढल्यावर ती तपासा. मुलाच्या संगणकावर, तुमचे ॲप नसताना आणि इंटरनेट बंद ठेवून, निरनिराळ्या वर्षांतली पाच-दहा टिपणे उघडा. देवनागरी नीट दिसते का, टिपणाची मूळ तारीख राहिली आहे का, वाळवलेल्या पानांचे फोटो मूळ आकारात आहेत की बारीक होऊन आले आहेत, एका टिपणातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे चालतात का, हे बघा. गुरुजींच्या चालींचे ध्वनिमुद्रण तर एकेक करून वाजवा, नुसते फाइलचे नाव पाहून समाधान मानू नका. ही मुद्रणे एमपीथ्री किंवा एमफोरए यांसारख्या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक फाइलच्या नावात अभंगाचा पहिला चरण, राग आणि वर्ष लिहा. गुरुजी हयात असतील तर कोणती चाल कोणाची हे त्यांच्याकडूनच विचारून घ्या. ती माहिती कोणतेही ॲप देऊ शकणार नाही. मग सगळ्याच्या दोन प्रती करा, एक घरच्या संगणकावर आणि दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ही डिस्क पुराच्या रेषेबाहेर, दुसऱ्या गावी राहणाऱ्या विश्वासाच्या नातेवाइकाकडे ठेवा. हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आयोजकांचे क्रमांक आणि मानधनाचा हिशेब मात्र या ॲपमधून काढून घ्या. टिपणे तुमची आहेत, पण ते क्रमांक दुसऱ्यांचे आहेत आणि तुमच्या ॲपचा पुढचा मालक कोण असेल हे त्यांना विचारून ठरणार नाही. बँकेचे एसएमएस वाचून खर्च मांडणारे वॉलनट हे पुण्यातल्या मंडळींनी बनवलेले ॲप २०१८ मध्ये कर्जे देणाऱ्या कॅपिटल फ्लोटने घेतले, पुढे त्या कंपनीचे नाव ॲक्सिओ झाले आणि २०२५ मध्ये ती ॲमेझॉनकडे गेली. यात कोणी नियम मोडला असे मी म्हणत नाही. तरीही ज्यांनी घरखर्च कळावा म्हणून ॲप घेतले, त्यांनी आपला हिशेब कधी काळी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या हाती जाईल असा विचार केला असेल, असे मला वाटत नाही. मानधनाचा हिशेब संगणकावरच्या साध्या तक्त्यात ठेवला तर भागते.

कार्तिकीनंतर निवांत बसा. तोवर ॲप नीट चालले असेल, एक्स्पोर्टची सोय शाबूत असेल आणि वर्गणी तुम्हाला झेपत असेल, तर तिथेच राहायला माझी काहीही हरकत नाही, दर तीन महिन्यांनी नवी प्रत काढत राहिलात म्हणजे झाले. एक्स्पोर्टवर बंधने आली, सुधारित आवृत्त्या येणे थांबले किंवा नव्या अटींत तुमचा मजकूर अन्य कामासाठी वापरण्याची मुभा मागितली, तर मात्र थांबू नका. जायचे झाले तर आधी जॉप्लिन किंवा ऑब्सिडियन पाहा. दोन्हीत टिपणे तुमच्याच संगणकावर राहतात. ऑब्सिडियन ती साध्या मजकुराच्या फायलींतच लिहिते. जॉप्लिन मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कोणालाही घेता येतो, आणि मुक्तस्रोत ॲपचा मालक बदलला तरी मार्ग उरतो : २०२३ च्या अखेरीस सिंपल मोबाइल टूल्स हा अँड्रॉइड ॲपचा संच विकला गेला, तेव्हा त्यावर काम केलेल्यांनी तोच कोड घेऊन फॉसिफाय या नावाने तो पुढे चालू ठेवला. मुलाने सुचवलेले मोठ्या कंपनीचे ॲपही वर्ज्य नाही, फक्त त्यातूनही तीच तीन महिन्यांची प्रत काढावी लागेल.

नव्या ॲपमध्ये सगळी टिपणे एकदम लोटू नका. पुढच्या चैत्रातल्या रामजन्माच्या कीर्तनाला लागणारी तेवढी आधी न्या आणि त्यांवर एक कार्यक्रम करून पाहा. मंचावर उभे असताना टाचण चटकन सापडले आणि मोबाइलला रेंज नसतानाही उघडले, तर बाकीची हलवा. जुने खाते त्यानंतरही एक-दोन महिने राहू द्या, आणि मग नुसते ॲप न काढता सेटिंगमध्ये जाऊन खाते बंद करा व मजकूर पुसून टाकण्याची विनंती ईमेलने लेखी करा. त्यांचे उत्तर येईल, ते हार्ड डिस्कवरच्या प्रतीशेजारीच जपून ठेवा.